अनिलचा बेंजो आणि शेवटच्या गाडीचं गाणं

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो. मी पेटी नाही, मी सतार नाही, आणि परवा घरी आलेल्या पाहुण्यांना वाटलं तसा शेवया पाडायचा साचा तर मुळीच नाही. मी बेंजो आहे. सापगावच्या अनिलचा जुना बेंजो. लांबट लाकडी अंग, त्यावर ताणलेल्या तारा आणि तारांच्या डोक्यावर बटणांची एक रांग. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या, की मी बोलायला लागतो. साउंडची वायर जोडली तर विचारूच नका, पलीकडच्या पाड्यावरची माणसं उठून बसतात. आमच्या शहापूर-मुरबाडकडे एक काळ असा होता की हळदीला बेंजो पाहिजेच. नवरा थोडा उशिरा आला तरी चालायचं.

माझा जन्म मुरबाडचा. भगीरथ सुतार म्हणून एक कारागीर होते. त्यांनी एका मोडक्या दाराची सागवानी फळी घेतली आणि तासून तासून मला घडवलं. माझी बटणं मात्र दुकानातली नाहीत. मुरबाडात तेव्हा टायपिंगचा एक क्लास चालायचा. तिथलं एक मराठी मशीन पोरापोरींनी इतकं बडवलं होतं की शेवटी ते भंगारात निघालं. भगीरथांनी त्याची गोल गोल बटणं सोडवून आणली आणि हाताला जसजशी लागली तसतशी माझ्यावर बसवली. म, त, ज, ल, न, प, व, च, आणि मग क, र, स. बाकीचे बेंजो कोरे करकरीत असायचे, माझ्या अंगावर अक्षरं होती. त्यामुळे मी स्वतःला जरा शिकलेला समजतो. समजू दे की, कोणाचं काय जातं.

अनिल बारावी पास झाला म्हणून त्याच्या वडिलांनी मला आणलं. खरं सांगू? त्यांनी माझी अक्षरं पाहिली आणि त्यांना वाटलं, पोरगा याच्यावर टायपिंगचा सराव करील आणि कचेरीत चिकटेल. पोरगा चिकटला तो मलाच. वडील पुढे बरेच दिवस विचारायचे की या मशीनला कागद कुठे घालायचा.

अनिलला गाणं कोणी शिकवलं नव्हतं. सा रे ग म त्याच्या गावी नव्हतं. त्याने आपली सोपी वाट काढली. जे बटण दाबल्यावर जो सूर येतो, त्या सुराला त्याने त्या बटणावरच्या अक्षराचं नाव दिलं. रोज संध्याकाळी तारा जुळवून झाल्या की तो डाव्या हाताचं बोट माझ्यावरून फिरवायचा आणि सोबत गायचा, "म त ज ल न प व च." गाणीसुद्धा तो अशीच लक्षात ठेवायचा. वाजवताना त्याची नजर बटणांवरून हलायची नाही. लडकू त्याला चिडवायचा की लोक बेंजो वाजवतात, आमचा अन्या बेंजो वाचतो.

हा लडकू कोण, ते सांगतो. डोळखांबच्या पलीकडे डोंगरात एक पाडा आहे, तिथला हा गडी. शहापूरला कॉलेजात अनिलच्या वर्गात होता. अंगकाठी काटकुळी, पण ढोलकीवर थाप पडली की पहिल्या बाकावरच्या प्राध्यापकांचा चष्मा हलायचा. तिसरी संजीवनी, खर्डीची. ती गायची. माईक बंद पडला तरी तिचं गाणं मागच्या भिंतीपर्यंत जायचं, आणि माईक तर दर गाण्याला बंद पडायचाच. अनिल तिला चाल शिकवायचा ती माझ्याच अक्षरांत. शिकलेल्या गवयाने ऐकलं असतं तर त्याने कपाळाला हात लावला असता. त्या दोघांना मात्र ते छान जमायचं. आधी अक्षरं गायची, चाल पक्की झाली की त्यावर शब्द चढवायचे.

अनिलचा एक नियम होता. मला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. लडकूने एकदा गंमत म्हणून नखी उचलली होती, तर अनिल दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही. लडकूही काही कमी नव्हता. त्याने ढोलकी घेऊन जायची धमकी दिली. शेवटी संजीवनीने दोघांना वडापावच्या गाडीवर नेऊन गोडी घडवून आणली.

मित्रांनो, कॉलेजच्या गॅदरिंगचं काय सांगू तुम्हाला. आता तुम्ही मोबाईलवर बोट ठेवता आणि गाणं वाजतं. तेव्हा गाणं ऐकायला लोक घरून निघायचे, बाकावर दाटीवाटीने बसायचे आणि घामाने भिजायचे. वर्गातली बाकं ओढून, दोरीने एकमेकांना बांधून स्टेज व्हायचं. त्यावर मांडववाल्याची सतरंजी टाकली की कोणती दोन बाकं हलतात ते कोणाच्या ध्यानात राहायचं नाही, आणि नाचणारा नेमका तिथेच उडी मारायचा. मुली एका बाजूला, मुलगे एका बाजूला. प्राचार्य पहिल्या गाण्याला मान डोलवायचे आणि दुसऱ्या गाण्याला उठून जायचे, म्हणजे मग पोरांना शिट्ट्या मारता यायच्या. वीज मंदावली की माझा आवाज घोगरा व्हायचा. एकदा ऐन रंगात माझी तार तुटली. अनिल तार बदलत बसला, तर संजीवनीने नुसती अक्षरं गाऊन सभा धरून ठेवली. म त ज ल. लोकांना वाटलं हे काहीतरी नवीन आहे, त्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. तार बसली, आणि टाळ्यांच्या त्याच ठेक्यात आम्ही पुढचं गाणं सुरू केलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण फक्त लाकूड नाही.

आमचं गॅदरिंग भरदुपारी व्हायचं. त्याला कारण होतं. निम्मी पोरं डोळखांबच्या बाजूची, लांबच्या पाड्यांवरची. त्यांची शेवटची एसटी चुकली की चालत जायचं. स्टँड कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला की निम्मा हॉल ताडकन उठायचा, मग स्टेजवर कोणी का गात असेना. एका वर्षी संजीवनीच्या गाण्यात हॉल असाच अर्ध्यावर रिकामा झाला. ती फार हिरमुसली. तेव्हा लडकू म्हणाला की लोक उठणारच आहेत, तर मग उठायचंच गाणं करू. संजीवनीने शब्द जुळवले, अनिलने चाल बांधली. आमचं स्वतःचं, दुसऱ्या कोणाचं नाही असं ते एकच गाणं.

"थांब रे गाडीवाल्या, एक तान राहिली,
धावत येणारी माझी मैतरीण राहिली."

त्याची चाल होती, न न प न, ज ज त म. पुढची ओळ, व व च व, प न ल ज. अगदी साधी, पण काळजात शिरणारी. दोन ओळींच्या मध्ये ढोलकी थांबायची, एक श्वास सगळं गप्प व्हायचं आणि मग दुसरी ओळ यायची.

पुढच्या वर्षी आम्ही ते शेवटी घेतलं. पहिली ओळ संपली, ढोलकी थांबली, आणि नेमक्या त्या गप्प जागेत स्टँडवरून एसटीचा हॉर्न आला. सगळा हॉल हसला, पण उठलं कोणीच नाही. हॉर्न पुन्हा वाजला, तरी कोणी हललं नाही. शेवटी कंडक्टर स्वतः बोलवायला आला. दारात उभा राहिला, गळ्यातल्या तिकिटांच्या पेटीवर हात ठेवून त्याने पूर्ण गाणं ऐकलं, आणि संपल्यावर त्यानेच वन्स मोअर दिला. गाडी त्या दिवशी बरीच उशिरा सुटली. डेपोत त्याला काय ऐकावं लागलं, देव जाणे. त्या दुपारी स्टेजवर तीन माणसं होती, पण गाणं पूर्ण हॉलचं होतं. तसा आनंद मी नंतर मोठमोठ्या हळदींतही पाहिला नाही.

ते गाणं गाजलं. मुरबाडच्या कॉलेजने आम्हाला त्यांच्या गॅदरिंगला पाहुणे म्हणून बोलावलं. टेम्पोत मी अनिलच्या मांडीवर, चादरीत गुंडाळलेला. जिथे जाऊ तिथे शेवटी हेच गाणं मागायचे, आणि जिथे एसटी नसेल तिथे त्या गप्प जागेत लडकू तोंडाने हॉर्न वाजवायचा.

पण कॉलेज तीन वर्षांचंच असतं हो. संजीवनी शिक्षिका झाली, लग्न करून कल्याणला गेली. लडकू पाड्यावर परतला, भात आणि नाचणी करू लागला, ढोलकी भजनापुरती राहिली. अनिल आसनगावजवळच्या एका कारखान्यात लागला. काही वर्षं आम्ही दोघं सुट्टीच्या दिवशी हळदीला जायचो. मग डीजे आला. एवढाल्या काळ्या भिंती, छातीत धडधड, आणि वाजवणारा बसून चहा पितोय. मला त्याचा राग नाही असं मी म्हणणार नाही. आहे. चांगलाच आहे. अनिलला कामाच्या पाळ्या, घर बांधायचं, लेकीचं शिक्षण. होता होता मी पोटमाळ्यावर गेलो. शेजारी भाताची रिकामी कणगी, अंगावर कोळ्याचं जाळं. उंदराने माझी वायर कुरतडली. मी वाट बघायचो. वर येणारं प्रत्येक पाऊल कणगीसाठी असायचं.

दोन वर्षांपूर्वी कापणीच्या दिवसांत अनिल बांधावर पाणी प्यायला बसला आणि तिथेच कलंडला. अर्धांगवायू. कल्याणच्या दवाखान्यात नेलं, जीव वाचला. पण उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. डोक्यात सगळं जागेवर होतं, शब्द तेवढे तोंडापर्यंत येत नव्हते. एकच शब्द उरला होता. नाय. चहा घेता का म्हटलं की नाय म्हणायचा आणि कप हातात घेऊन रिकामा करायचा. जेवण वाढू का, नाय, आणि ताट पुढे ओढायचा. त्याची बायको सारिका सुरुवातीला हसायची, मग तिने हसणं सोडलं. डॉक्टर म्हणाले होते की बोलतं करा. ती दिवसभर बोलायची, आणि तो ओटीवरच्या खाटेवर बसून समोरच्या रस्त्याकडे बघत राहायचा.

माझी आठवण झाली ती त्यांच्या मुलीला, भावनाला. मोठी गुणी पोर. शहापूरला एका मेडिकलमध्ये काम करते. तिच्या मनात आलं की बाबांना बेंजो दिला तर ते खुलतील. तिने मला माळ्यावरून उतरवलं. कल्याणला नेऊन नव्या तारा घातल्या, जुळवून आणल्या. मग घरी बसून माझी साफसफाई काढली. बटणांवर गंज चढला होता, म्हणून सगळी बटणं काढली, रॉकेलच्या वाटीत बुडवली, घासून घासून लख्ख केली. आणि इथे घोटाळा झाला.

मित्रांनो, मेडिकलमध्ये औषधांची खोकी अक्षरांच्या क्रमाने लावतात. भावनाच्या हाताला तेच वळण. तिने वाटीतली बटणं पाहिली, मनाशी म्हणाली असेल की आधीची रांग किती गबाळी होती, आणि क, च, ज, त, न, प, म, र, ल, व, स अशी ओळीने गोंद लावून पक्की बसवली. अगदी प्रेमाने. मला गुदगुल्या होत होत्या आणि घामही फुटत होता. कारण सूर असतो बटणाच्या जागेत, अक्षरात नाही. दुसरा कोणी वाजवणारा असता तर त्याला काहीच फरक पडला नसता. पण माझा अनिल बेंजो वाचतो.

तिने मला अनिलच्या मांडीवर ठेवलं. त्याने मला पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर, निम्म्या का होईना, हसू आलं. डावा हात त्याचा चांगला होता. भावनाने नखी धरून तारा छेडल्या. त्याने बोट ठेवलं. न, न, प, न. बरोबर. ज, ज. बरोबर. कारण ज, न, प ही बटणं नशिबाने जुन्याच जागी बसली होती. मग त्याने त शोधला. दाबला. आणि मी भलतंच बोललो.

तो थांबला. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच मोडलं. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या बोटाकडे. त्याला वाटलं असणार की हात गेला, जीभ गेली, आता गाणंही गेलं. तिसऱ्या वेळी मात्र त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. त्याला कळलं. त्याने नखाने ते बटण उपटायला सुरुवात केली. नाय, नाय, नाय, म्हणत तो खरवडत राहिला. गोंद पक्का होता. नखातून रक्त आलं. तो रडायला लागला, आणि सारिका धावत आली. तिला दिसलं ते एवढंच की ह्यांना बेंजो बघवत नाही, हे बेंजो तोडायला निघालेत. तिने मला उचललं.

मी ओरडून सांगितलं असतं की अगं बाई, तो मला तोडत नाही, नीट करतोय. पण मला बोलायला दुसऱ्याचा हात लागतो. त्या ओटीवर आम्ही दोघंच होतो ज्यांना खरं ठाऊक होतं, आणि दोघंही मुके. माझ्या इतक्या वर्षांत माझ्या वाट्याला असं दुःख आलं नव्हतं. पोटमाळाही बरा होता.

भावनाने आणखी दोनदा प्रयत्न केला. दोन्हीदा तेच. मग सारिकाने लडकूला फोन केला. म्हणाली, भावजी, तुम्ही बेंजो घेऊन जा. भंगारात द्यायला माझा हात होत नाही, आणि घरात ठेवला तर ह्यांना त्रास होतो. तुमच्याकडे निदान देवाजवळ राहील.

लडकू आला तो संजीवनीला घेऊनच. कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला होता, तिला अनिलला भेटून आमंत्रण द्यायचं होतं. लडकूचे केस पांढरे झालेत, संजीवनी जाड भिंगांचा चष्मा लावते. अनिलने त्यांना ओळखलं, हे त्याच्या पाणावलेल्या डोळ्यांवरून कळत होतं. म्हणाला मात्र नायच. लडकूने इकडचं तिकडचं सांगितलं, नाचणीचं, रानडुकरांचं. अनिल ऐकत होता.  सारिकाने मला चादरीत गुंडाळून आणलं. लडकूने मला उचललं, आणि अनिलने चादरीचं टोक डाव्या मुठीत धरलं.

लडकू खाली बसला. "नको नेऊ का रे?"

"नाय."

"वहिनी, तो नको म्हणतो."

सारिका थकल्या आवाजात म्हणाली की हे सगळ्यालाच तसं म्हणतात, तुम्ही न्या, आणि आत भांडी घासायला गेली.  चादर सुटली होती, मी अर्धा उघडा दोघांच्या मध्ये पडलो होतो. चहा निवत होता. आणि संजीवनी हळूच ती कंडक्टरची आठवण सांगायला लागली. दारात कसा उभा होता, पेटीवर हात कसा होता. सांगता सांगता ती गुणगुणायला लागली. शब्द नव्हेत, जसं शिकली होती तसं, अक्षरं. न न प न, ज ज त म. आणि अडखळली. पुढची ओळ तिला आठवेना. इतकी वर्षं झाली हो.

ती जागा आली. ती गप्प जागा, जिथे पूर्वी हॉर्न वाजला होता.

"व व च व," अनिल म्हणाला. "प न ल ज."

घोगरा, कापरा आवाज, पण सूर नेमका. सारिका आतून ओल्या हातांनी बाहेर आली. तिने विचारलं, हे बोलले का. लडकूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बोलला नाय वहिनी, गायला."

संजीवनी शहाणी बाई. तिने थांबू दिलं नाही. पुन्हा पहिली ओळ धरली, अनिलने दुसरी. असं दोनदा झालं, आणि मग तो माझ्यावर वाकला. गाता गाता त्याने बोट दुसऱ्या बटणाच्या जागेवर ठेवलं आणि सूर लावला, "त." बोट तिथेच दाबून धरलं. संजीवनीने चष्मा सावरून पाहिलं. बोटाखाली च होता.

"अनिल, हा तर त होता ना? इथे च कसा आला?"

अनिलने मान हलवली. जोरजोरात हलवली. वर्षभर अडलेला माणूस मान हलवत होता. भावना दारात उभी होती, तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "आत्या, मी लावलीत ती. पुसायला काढली होती. वाटलं, नीट ओळीनं लावू."

लडकूने बटणांच्या रांगेकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याचा पाडा भातसाच्या धरणात गाव गेलेल्या माणसांचा, तो त्याच भाषेत बोलला. "अगो पोरी, तू तर त्याचा आख्खा गाव उठवून नव्या जागी नेऊन बसवलास. त्याला त्याचं घर कसं सापडणार?"

भावना बापाचा तो जखमी अंगठा हातात घेऊन रडू लागली. बाबा सांगत होते आणि आम्ही बेंजो ओढून घेतला, एवढंच म्हणत राहिली. अनिलने डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. त्याला राग नव्हताच. तो हसत होता, त्याच्या त्या निम्म्या तोंडाने.

मग सुरू झाली माझी शस्त्रक्रिया. गरम पाण्याचा फडका, विळीचं टोक, सारिकाची केसांतली पिन. गोंद एकदाचा सुटला. सगळी बटणं ताटलीत पडली. आता कोणतं कुठे? संजीवनीला गाण्यातली अक्षरं येत होती, पण रांग पाठ नव्हती. सगळ्यांनी अनिलकडे पाहिलं. त्याने माझ्या अंगावर, बोडक्या खुंट्यांवरून बोट फिरवलं आणि जसं रोज संध्याकाळी गायचा तसं गायला, "म त ज ल न प व च." भावना एकेक बटण बसवत गेली. या वेळी आधी त्याच्या तोंडाकडे बघून, मग हाताने. शेवटची तीन, क, र, स, तो नुसती पुटपुटला, पण पुटपुटला.

राहिला उजवा हात. तो मांडीवर तसाच पडला होता. भावनाने नखी उचलली, पण अनिलने ती तिच्याकडून घेतली. क्षणभर मुठीत धरली. मग लडकूचा हात ओढला, त्याच्या तळव्यावर नखी ठेवली आणि त्याची बोटं मिटवली. मित्रांनो, ज्या नखीवरून दोन दिवस अबोला झाला होता तीच ही नखी नव्हे, ती केव्हाच हरवली. पण लडकूला जे आठवायचं ते आठवलं. त्याने धोतराच्या सोग्याने नाक पुसलं आणि तारेवर नखी टेकवली. कॉलेजभर अनिलच्या हाताच्या ठेक्यावर ढोलकी वाजवलेला माणूस तो, त्याला शिकवायची गरजच नव्हती. अनिलने न दाबला आणि मी बोललो. किती दिवसांनी मी बरोबर बोललो.

जानेवारीत मेळावा झाला. तोच हॉल, आता पंखे आहेत आणि स्टेज सिमेंटचं आहे, बाकं हलत नाहीत. सगळ्यांचे केस विरळ, पोटं सुटलेली. मी एक, आणि मला वाजवायला दोन माणसं, एकमेकांना चिकटून बसलेली. ढोलकी कोणी वाजवलीच नाही, लोकांनी टाळ्यांवर ठेका धरला. संजीवनीचा आवाज आता खाली उतरलाय, पण मागच्या भिंतीपर्यंत अजून जातो. शेवटी गाडीचं गाणं घेतलं. पहिली ओळ संपली, टाळ्या थांबल्या, ती गप्प जागा आली. बाहेर आता कोणाची एसटी नव्हती, सगळे आपापल्या गाड्यांनी आले होते. हॉर्न येणार कुठून? तेवढ्यात मागच्या रांगेतून कोणीतरी तोंडाने पों केलं, आणि मग सगळ्या हॉलने पों केलं. पन्नाशी ओलांडलेली माणसं हो, बँकेत, शाळेत, पंचायतीत मानाने वावरणारी. पों करत होती आणि डोळे पुसत होती.

आता तुम्हाला मी काय सांगावं? वापरलेल्या वस्तू जपा, वाद्यं माळ्यावर टाकू नका, हे तर मी सांगणारच, मला माळ्याचा अनुभव आहे. पण त्याहून एक सांगतो. तुमच्या घरात कोणाची जुनी वस्तू असेल, तुम्हाला ती गबाळी दिसत असेल, तर नीट लावायच्या आधी ज्याची आहे त्याला विचारा. त्याला सांगता येत नसेल तर घाईने निकाल लावू नका. त्याच्याजवळ बसा, त्याच्या ओळखीचं काहीतरी गुणगुणा. भावना आता रोज मेडिकलमधून आली की तसंच करते. नखी तिच्या हातात असते.

मेळाव्याचा शेवट सांगायचा राहिला. गाणं झालं, लोक अनिलला भेटून जेवायला गेले. सारिका चादर घेऊन आली. नेहमीच्या सवयीने तिने मला गुंडाळायला घेतलं. अनिलने डावा हात माझ्यावर ठेवला. त्या दिवशी गाणं केव्हाच संपलं होतं, सूर नव्हता, ठेका नव्हता. त्याने सारिकाकडे पाहिलं आणि वर्षभरात पहिल्यांदा नाय सोडून दुसरा शब्द उच्चारला.

"थांब," तो म्हणाला.

आणि ती चादर बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसली.